पात्यावरची चीर कोण वाचणार?

साताऱ्याहून सज्जनगड आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलेल्या प्रवाशाला पवनचक्क्यांची पाती दुरून निष्कलंक पांढरी दिसतात. जवळून त्यांचे रूप निराळे असते. काचतंतू आणि राळ यांच्या थरांनी घडविलेले हे पाते पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कापीत फिरते. त्याच्या टोकाचा वेग ताशी दोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो आणि त्या वेगापुढे पावसाचा थेंबही खड्यासारखा आदळतो. वाऱ्याला सामोरी जाणारी कड झिजते, रंग उडतो, थर सुटू लागतात. वळिवाच्या दिवसांत एखादी वीज पात्यावर कोसळली, तर टोकाशी पडलेली केसाएवढी चीर पुढच्या पावसाळ्यात हातभर होऊ शकते.

ही चीर वेळीच पाहावी कशी, हा प्रश्न पवनचक्कीइतकाच जुना आहे. जमिनीवरून दुर्बीण लावावी किंवा मनोऱ्याच्या माथ्यावरून दोर सोडून माणसाला पात्यालगत उतरवावे, एवढेच दोन मार्ग आजवर होते. पहिला अपुरा, दुसरा जिवावरचा आणि वेळखाऊ, कारण दोरावरच्या पथकाचा एका पवनचक्कीमागे बहुधा सारा दिवस जातो. ड्रोन हेच काम तासाभरात करतो आणि तिन्ही पात्यांची शेकडो छायाचित्रे हाती देतो. देशातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता मार्च 2025 अखेर 50 हजार मेगावॅटच्या पुढे गेली असून महाराष्ट्राचा त्यातील वाटा 5 हजार मेगावॅटहून अधिक आहे. तेव्हा येथे एक नवा व्यवसाय उभा राहू शकतो, असे कोणालाही वाटावे. तसे वाटल्यामुळेच ठिकठिकाणी ड्रोन चालविण्याचे वर्ग निघाले आहेत आणि दहावी-बारावी झालेल्या मुलांचे पालक काही दिवसांच्या अभ्यासक्रमासाठी पाच आकडी फी भरीत आहेत. ही फी भरण्यापूर्वी या व्यवसायाचा हिशेब नीट मांडला गेला पाहिजे.

दोन मेगावॅटची एक पवनचक्की घ्यावी. वर्षभरात ती आपल्या क्षमतेच्या वीस टक्के चालली असे धरले, तर सुमारे 35 लाख युनिट वीज निघते. झिजलेल्या कडेमुळे त्यात दोन टक्क्यांची घट आली, तर 70 हजार युनिट गेले. तीन रुपये दराने ही रक्कम 2 लाख 10 हजार होते. तपासणीचा खर्च तिच्या लहानशा भागात भागतो. आता हाच हिशेब साडेतीनशे किलोवॅटच्या जुन्या यंत्राला लावावा. तेथे नुकसान 37 हजारांच्या आसपास येते आणि त्यातून तपासणी व दुरुस्ती या दोहोंचा खर्च निघता निघत नाही. वनकुसवड्यासारख्या पठारावर ही लहान यंत्रे मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा एकेका मालकाचे दार ठोठावणाऱ्याचा तेथे निभाव लागणे कठीण. सगळ्या पठाराचे काम एकत्र घेणाऱ्यालाच ते परवडेल.

मालकाचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जुन्या पवनचक्क्यांपैकी पुष्कळशा वीज विकण्याच्या हौसेने उभ्या राहिल्या नाहीत. त्या करबचतीसाठी उभ्या राहिल्या. प्राप्तिकरात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी पूर्ण, आणि पुढे ऐंशी टक्के घसारा मिळत असे. 2012 मध्ये ही सवलत थांबली, 2014 मध्ये परत आली आणि 2017 पासून चाळीस टक्क्यांवर उतरली. ज्याचा लाभ पहिल्या वर्षाच्या विवरणपत्रातच पदरात पडला, त्याला पंधराव्या वर्षीच्या दोन टक्के घटीची चिंता कितपत असणार? युनिटमागे पन्नास पैसे देणारी उत्पादनाधारित योजना 2009 मध्ये आली, तेव्हा कोठे फिरणाऱ्या पात्याला उभ्या पात्याहून अधिक मान मिळाला. तपासणीच्या धंद्याचे भवितव्य यंत्राइतकेच मालकाच्या या वृत्तीवर अवलंबून आहे.

कायद्याची अडचण तर विलक्षणच आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, उड्डाणास मोकळीक दिली. त्यावर जायचे तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. जुन्या ठेंगण्या यंत्रांना ही मर्यादा पुरते. परंतु नव्या यंत्रांचा मनोराच 140 मीटर उंच असतो आणि पात्याचे टोक दोनशे मीटरवर जाते. म्हणजे जेथे मोकळीक आहे तेथे पैसा नाही आणि जेथे पैसा आहे तेथे परवानगीची वाट पाहत बसावे लागते. वारा नेमका पडलेला असताना वाट पाहणे फार महाग पडते. अमेरिकेने या बाबतीत व्यवहार ओळखला. तेथे उंच बांधकामापासून चारशे फुटांच्या परिघात राहून त्याच्या माथ्याच्याही चारशे फूट वर ड्रोन नेता येतो. पवनचक्कीच्या अगदी जवळून दुसरे कोणतेही विमान जाणार नाही, हे साधे तथ्य त्या नियमामागे आहे. आपल्याकडे अशी तरतूद करण्यास कोणाचा विरोध असावा, हे समजणे कठीण आहे.

तथापि हे सारे सुरळीत झाले तरी ड्रोन उडविणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. पात्याभोवती फिरणारे ड्रोन आता आपला मार्ग बऱ्याच अंशी स्वतःच आखतात आणि पावसाळ्यात तर त्यांना जमिनीवरच राहावे लागते. खरे मोल आहे ते छायाचित्र वाचण्याला. पात्यावरची काळी रेघ ही चीर आहे, तेलाचा ओघळ आहे की चिकटलेल्या कीटकांचा थर? चीर असेल तर ती वरच्या रंगापुरती आहे की आतल्या थरापर्यंत गेली आहे? यंत्र आज चालू ठेवावे की थांबवावे? संगणक खुणा करून देतो. त्या खुणांखाली सही करणारा माणूस लागतो. शिवाय ड्रोनला केवळ पृष्ठभाग दिसतो. मडके घेताना वाजवून घ्यावे, तसे पाते ठोकून आत सुटलेल्या थराचा बद्द नाद ओळखणारा दोरावरचा कारागीर पुढेही लागेलच, आणि दुरुस्ती तर त्याच्याच हातची. या कारागिराला हटवून ड्रोन आणायचा ही कल्पना ज्यांनी पाते जवळून पाहिले नाही त्यांचीच असू शकते.

असा वाचक काही दिवसांच्या वर्गात तयार होत नाही. त्यासाठी संमिश्र पदार्थांचे शास्त्र, दुरुस्तीचा प्रत्यक्ष अनुभव आणि एकाच पात्याची वर्षानुवर्षांची चित्रे शेजारी ठेवून पाहण्याची शिस्त लागते. सातारा, सांगली, धुळे या पवनचक्क्यांच्या जिल्ह्यांत तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. निकामी होऊन उतरविलेली पाती त्यांच्या आवारात आणून ठेवणे फार खर्चाचे नाही. त्यांवर विद्यार्थ्यांनी चिरा शोधाव्यात, भराव्यात, पुन्हा तपासाव्यात. पठारावरच्या गावांतील तरुणांच्या वाट्याला या उद्योगातून बहुधा राखणदारीच आली. त्यांना वारा, धुके आणि वाटा ठाऊक आहेत. उरलेले शिकविता येण्याजोगे आहे.

यासाठी अवधी मात्र थोडा आहे. जुन्या पवनचक्क्या बदलण्याचे वा त्यांचे आयुष्य वाढविण्याचे केंद्राचे धोरण डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झाले आणि या शतकाच्या आरंभी उभारलेली यंत्रे आपले नियोजित वय आता ओलांडीत आहेत. कोणते यंत्र आणखी काही वर्षे फिरू द्यावे आणि कोणते उतरवावे, याचा निर्णय पात्यांच्या पुराव्यावर व्हावा लागेल. पावसाळा सरून वारा मंदावला की तपासणीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी उंचीची अट सुधारली गेली आणि एखाद्या तंत्रनिकेतनाच्या आवारात दोन-चार जुनी पाती येऊन पडली, तर या व्यवसायाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.