चुकीच्या दारानं आलेली माणसं

भयपट पाहणाऱ्यांतही सोवळं-ओवळं असतं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. मला चांगलंच ठाऊक आहे, कारण गेली कित्येक वर्षं मी 'एलियन' या चित्रपटमालिकेची निस्सीम भक्त आहे. आणि भक्त म्हटलं की पुजारी आलेच. आमच्याकडच्या पुजाऱ्यांचा एकच प्रश्न असतो: "तू पहिला कुठला पाहिलास?"

प्रश्न साधा वाटतो ना? नाही हो, ही तोंडी परीक्षा आहे. '१९७९चा, रिडली स्कॉटचा' असं उत्तर आलं तर पाट मांडला जातो. 'जेम्स कॅमेरॉनचा, १९८६चा' म्हटलं तर चालवून घेतात, पण जरा ओठ दाबून. आणि 'एलियन व्हर्सेस प्रेडेटर' म्हणालात तर संपलंच... तुम्हाला ओसरीवरूनच परत पाठवतात. मला या सोवळ्याची मनापासून चीड आहे, आणि आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलंच नाही (आत्या, हे खास तुझ्यासाठी) त्यांना थोडक्यात सांगते. नॉस्ट्रोमो नावाचं एक मालवाहू अंतराळयान पृथ्वीकडे परत निघालेलं असतं. यानात सात माणसं आणि एक मांजर. वाटेत एका अनोळखी ग्रहावरून संदेश येतो म्हणून ते तिथं उतरतात. तिथं एक जीव एकाच्या तोंडाला चिकटतो, त्याच्या पोटात आपलं पिल्लू सोडतो, आणि सगळे जेवायला बसलेले असताना ते पिल्लू त्याची छाती फोडून बाहेर येतं. मग ते वाढतं आणि एकेकाला संपवत जातं. शेवटी उरते रिप्ली आणि तिचं मांजर. ई, काय हे घाणेरडं, असं म्हणू नकोस. तुझ्या खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचं घरटं करते, त्यात बधिर केलेल्या जिवंत अळ्या भरून ठेवते आणि तिचं पिल्लू त्या अळ्या खाऊन मोठं होतं, ते तू दरवर्षी बघतेस. इथं अळीच्या जागी माणूस आहे, एवढंच.

तर मुद्दा असा की १९७९ साली या 'खऱ्या' दारातून आत गेलं कोण? अमेरिकेत चित्रपटाला 'आर' प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय प्रवेश नाही. ब्रिटनमध्ये तर 'एक्स', म्हणजे अठराच्या आत कुणालाच नाही. मालिका ज्यांनी पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिवंत ठेवली, त्यांच्यातली बरीचशी मंडळी तेव्हा शाळेत होती किंवा जन्मलीच नव्हती. म्हणजे ती दाराबाहेरच होती!

पण बाहेर असलेल्यांना काहीच मिळालं नाही असं थोडंच आहे? केनर या खेळण्यांच्या कंपनीनं त्याच वर्षी एलियनचा अठरा इंची बाहुला बाजारात आणला. मुलांना जो चित्रपट पाहायची बंदी, त्याचंच खेळणं मुलांसाठी! पालकांनी आरडाओरडा केला आणि तो बाहुला दुकानांतून गेला. ॲलन डीन फॉस्टरनं लिहिलेली कादंबरी आली. आर्ची गुडविन आणि वॉल्ट सायमनसन यांनी केलेलं चित्रकथेचं पुस्तक आलं. दुकानात उभ्या उभ्या ती पानं चाळून, कुणी हटकायच्या आत ठेवून देणारी पोरं चित्रपट न पाहताच चाहती झाली होती.

आणि सगळ्यात मोठं दार म्हणजे तोंडी गोष्ट. कुणाचा तरी मोठा भाऊ चित्रपट पाहून यायचा आणि दुसऱ्या दिवशी धाकट्यांना गोळा करून सगळं सांगायचा. त्यात चित्रपटात नसलेलं चार आणे मिसळायचा. ऐकणारा त्या रात्री झोपायचा नाही. आता पुजारी म्हणतील, हे काय चित्रपट पाहणं झालं? मी म्हणते, हे पाहण्याच्या फार जवळचं आहे. स्कॉटनं तरी काय केलं? एच. आर. गिगरनं घडवलेला तो जीव बोलाजी बडेजो या उंच, सडपातळ नायजेरियन तरुणाच्या अंगावर चढवला, आणि मग तो पूर्ण दाखवलाच नाही. एक हात, एक जबडा, गळणारी लाळ, छताला लोंबणाऱ्या साखळ्यांतून काहीतरी हललं... उरलेलं प्राणी आपण बनवतो. भावाची गोष्ट ऐकणारं पोरही तेच करत होतं. पडदा नव्हता, एवढाच काय तो फरक.

पुढची दारं भराभर सांगते. १९८६चा 'एलियन्स'. एका प्राण्याच्या जागी झुंड, सात कामगारांच्या जागी बंदुका घेतलेले सैनिक. 'भीतीचं युद्ध करून टाकलं' ही जुन्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्याच चित्रपटासाठी सिगॉर्नी वीव्हरला ऑस्करचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, आणि न्यूट नावाच्या अनाथ पोरीसाठी परत खाली उतरणारी रिप्ली लोकांना या चित्रपटानंच दिली. १९८८पासून डार्क हॉर्सची चित्रकथा सुरू झाली. १९९०च्या 'प्रेडेटर २'मध्ये शिकाऱ्याच्या कपाटात एलियनची कवटी अर्धा क्षण दिसली आणि पोरांनी तेवढ्यावर वर्षं काढली. १९९२ साली केनरनं पुन्हा खेळणी काढली, या वेळी गोरिला एलियन, बैल एलियन वगैरे. १९९४ साली कॅपकॉमचा नाण्यांवर चालणारा व्हिडिओ गेम आला. २०१४चा 'एलियन: आयसोलेशन' हा गेम तर असा आहे की त्यात तो प्राणी मारता येतच नाही, कपाटात लपून श्वास रोखून बसायचं. त्या दारानं आलेल्या माणसाला १९७९चा चित्रपट पाहताना भिंती, दिवे, बोळ सगळं ओळखीचं वाटतं. आपण जणू तिथं राहून आलोय!

माझं स्वतःचं दार? नववीत असताना केबलवर लागलेला 'एलियन्स', तोही अर्ध्यातून. दोन खोल्यांचं घर, आजोबा तिथंच झोपलेले, म्हणून आवाज पूर्ण बंद. रिप्ली त्या यंत्राच्या पिवळ्या हातांत शिरून राणीसमोर उभी राहते, ते मी मुक्यानं पाहिलं. ती काय बोलली ते मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. पण कुणासाठी उभी आहे, ते त्या रात्रीच कळलं होतं. याला कुणी 'अपुरं पाहणं' म्हणणार असेल तर खुशाल म्हणो.

आता त्या बदनाम 'एलियन व्हर्सेस प्रेडेटर'बद्दल. २००४चा हा चित्रपट चांगला आहे असं मी म्हणणार नाही. २००७चा त्याचा पुढचा भाग तर इतका अंधारा आहे की कोण कुणाला मारतंय तेही धड दिसत नाही. पण एक गोष्ट पुजारी सोयीनं विसरतात. अमेरिकेत या सगळ्या चित्रपटांमध्ये २००४चा तो एकच 'पीजी-१३' होता. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला एकट्यानं तिकीट काढून थिएटरात जाता आलं, असं हे पहिलं आणि एकमेव दार. इतर सगळी दारं बंद ठेवायची, आणि उघड्या दारानं पोरं आली की 'चुकीच्या दारानं आलात' म्हणून हिणवायचं! दार सुमार असेल हो, पण त्यातून आलेल्या माणसाला का म्हणून सुमार ठरवायचं?

पुजाऱ्यांचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद असा: क्रम चुकला की धक्का जातो. छाती फुटण्याचा तो प्रसंग अजाणता पाहण्यातच खरी मजा. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९८७ सालीच 'स्पेसबॉल्स' या विनोदी चित्रपटात खुद्द जॉन हर्टनं त्या प्रसंगाची टर उडवली होती. चित्रपटाचं नावही न ऐकलेल्या लोकांना तो प्रसंग माहीत असतो. मग तो अजून का चालतो? कारण भीती स्फोटात नाही, त्याच्या आधीच्या जेवणात आहे. माणूस बरा झालाय, सगळे हसताहेत, ताटं फिरताहेत... आणि आपल्याला माहीत आहे. माहीत असणाऱ्यालाच तो घास गिळवत नाही. चित्रीकरणाच्या वेळी नटांनाही काय घडणार ते ठाऊक होतं, रक्त एवढं उडेल याची कल्पना नव्हती, म्हणून त्यांचे चेहरे तसे झाले. जाणतेपण भीतीच्या आड येत नाही, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. माझी भाची २०२४ साली कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर 'एलियन: रोम्युलस' पाहून आली. तिचा हा पहिलाच. आमच्याकडं चार माणसं जमली असताना ती भरभरून बोलायला लागली, आणि पहिल्या दोन मिनिटांतच एका जाणकारांनी विचारलं, "पण तू मूळचा पाहिलायस का? नाही? मग तुला एलियन कळलाच नाही." पोरगी गप्प झाली. संध्याकाळभर बोलली नाही. असं एक माणूस गप्प केल्यानं जाणकारांचं काय भलं झालं, देव जाणे.

मी तिला नंतर स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तुला सगळ्यात भीती कधी वाटली गं? मला वाटलं ती प्राण्याचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "सुरुवातीलाच. ती रेन कंपनीच्या खिडकीवर जाते, तिचे कामाचे तास भरलेले असतात, आणि ती बाई शांतपणे सांगते की आता तास वाढवलेत, अजून काही वर्षं खाणीत काढ." माझ्या भाचीनं त्याच महिन्यात पहिली नोकरी धरली होती, दोन वर्षांच्या बाँडवर.

नंतर आम्ही दोघींनी १९७९चा पाहिला. तिनं पहिल्यांदा काय हेरलं असेल? पार्कर आणि ब्रेट, यानाच्या तळाशी राबणारे दोघे, चित्रपट सुरू होतो ना होतो तोच बोनसच्या वाट्यावरून कुरकुरत असतात. ते संदेशाच्या मागंही जायला तयार नसतात, आणि 'नाही गेलात तर पैसे बुडतील' असं सांगितल्यावर मुकाट तयार होतात. आणि कंपनीचा गुप्त हुकूम काय, तर तो जीव आणा, माणसं गेली तरी चालतील. "मावशी, म्हणजे हा पहिल्यापासून नोकरीचाच सिनेमा आहे की!" मी तो चित्रपट किती वेळा पाहिलाय त्याची गणती नाही, आणि जाणकारांनी माझ्याहून जास्त. गिगरच्या चित्रांपासून जेरी गोल्डस्मिथच्या संगीतापर्यंत सगळ्यावर आम्ही तासन् तास बोललो आहोत. पगारावर एकदाही नाही. ते बोलायला चुकीच्या दारानं आलेली बावीस वर्षांची मुलगी लागली. तिला गप्प करून आपण स्वतःचंच नुकसान करतोय, हे कुणी सांगायचं यांना?

एक जाणकार मला म्हणाले, दार राखणं हाच तर रिप्लीचा धर्म! केनला घेऊन बाकीचे परत येतात तेव्हा विलगीकरणाचा नियम सांगून ती दार उघडायला नकार देते, आणि तिचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. वा! युक्तिवाद देखणा आहे. पण रिप्लीनं दार राखलं ते माणसं मारणाऱ्या जीवासाठी. नव्या प्रवाशासाठी नाही. उलट पुढच्या चित्रपटात परक्या पोरीला कडेवर घेऊन निघते तीही तीच. आणि मूळ पटकथेत तर कुठलंही पात्र पुरुषानं किंवा बाईनं करावं अशी मुभा होती. रिप्ली बाई झाली ती नंतर. जिथं नायिकाच अशा अनपेक्षित दारानं आली, तिथं तुम्ही कसले दाखले मागता?

सहा वर्षांच्या मुलांना हे दाखवा, असं मी म्हणत नाही, आणि सगळे भाग सारखेच चांगले असंही नाही. भांडा की चित्रपटांवर! मीही भांडते. पण माणूस कुठून आला यावर त्याची इयत्ता ठरवू नका. २०१९ साली न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गन हायस्कूलच्या मुलांनी टाकाऊ वस्तूंतून नॉस्ट्रोमो उभं करून शाळेच्या रंगमंचावर 'एलियन'चं नाटक केलं. १९७९ साली यातलं एकही पोर जन्मलेलं नव्हतं. रिडली स्कॉटनं त्यांना पुढच्या प्रयोगासाठी मदत केली, आणि सिगॉर्नी वीव्हर स्वतः प्रयोगाला जाऊन बसली. पहिला कुठला पाहिलात, असं काही तिनं दारात विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. :)

तर मंडळी, तुमचं दार कुठलं होतं, ते जरूर सांगा. खेळणं, गेम, हिंदी डबिंग, दादानं सांगितलेली गोष्ट, काहीही चालेल. २६ एप्रिलला (त्या ग्रहाच्या ४२६ या क्रमांकावरून चाहते हा 'एलियन दिवस' पाळतात) आमच्याकडं लागोपाठ तीन भाग लावायचे ठरलेत. क्रम भाची ठरवणार आहे. जाणकारांनाही बोलावलंय, या वेळी आधी ती बोलेल एवढीच अट आहे.