सहा मिनिटं चालला, पण पुढे काय?

कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला हुकूम सुटतो तो आरामाचा. कालपर्यंत दळण आणणारे, बँकेत जाऊन येणारे वडील एका दिवसात पलंगावर येतात. ‘आबा, तुम्ही फक्त पडून राहा’ असं म्हणण्यामागे मायाच असते. पण तपासण्या, योजनेची मंजुरी आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढ्यात मांड्यांमधली ताकद उतरते, वजन घटतं, धास्ती वाढते. आणि मग हाच माणूस काही तासांची भूल आणि मोठी शस्त्रक्रिया सोसायला टेबलावर जातो.

हे आठवडे कामी लावायचे, या कल्पनेला ‘प्रीहॅबिलिटेशन’ किंवा थोडक्यात ‘प्रीहॅब’ म्हणतात. उपचारांच्या आधीची तयारी. त्यात व्यायाम येतो, प्रथिनं वाढवलेला आहार येतो, तंबाखू-सिगारेट सोडणं आणि मनाची तयारीही येते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरात 2019 पासून सार्वजनिक व्यायामशाळांमधून कर्करुग्णांसाठी अशी सेवा चालते. कल्पना शहाणपणाची आहे, यात वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. तिचा उपयोग झाला हे ठरवायचं कशावरून?

बहुतेकदा उत्तर मिळतं ते एका आकड्यात. तीस मीटरच्या सरळ कॉरिडॉरमध्ये रुग्णाला सहा मिनिटं चालायला लावतात आणि किती अंतर कापलं ते मोजतात. चाचणी साधी, स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. पहिल्या दिवशी अंतर मोजायचं, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पुन्हा मोजायचं. वीस-तीस मीटर वाढले की कार्यक्रम यशस्वी! हे म्हणजे सराव परीक्षेच्या गुणांवर बोर्डाचा निकाल जाहीर करण्यासारखं आहे. शिवाय ही चाचणी दुसऱ्यांदा देताना केवळ सवयीनेही अंतर थोडं वाढतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर वाढलेले मीटर व्यायामाचे की सवयीचे, हे कळायला मार्ग नाही.

चालण्याचं अंतर आणि शस्त्रक्रियेचा निकाल यांची सांगड किती सैल असते, ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या दोन अभ्यासांतून दिसतं. कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या पथकाने 2014 मध्ये 77 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रम दोन्ही गटांना एकच होता. एका गटाला तो शस्त्रक्रियेच्या आधी चार आठवडे सुरू केला, दुसऱ्याला शस्त्रक्रियेनंतर. आठ आठवड्यांनी आधी तयारी केलेल्यांपैकी 84 टक्के रुग्ण चालण्यात पूर्वपदावर आले होते, दुसऱ्या गटात 62 टक्के. मात्र गुंतागुंत आणि रुग्णालयातले दिवस यांत लक्षणीय फरक नव्हता.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रीहॅब’ नावाच्याच युरोप-कॅनडातल्या चाचणीत नेमकं उलटं घडलं. 251 रुग्ण होते. चार आठवडे, आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली जोरकस व्यायाम, सोबत आहार आणि मानसिक आधार. शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतागुंत तयारी केलेल्या गटात सुमारे 17 टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात सुमारे 30 टक्के. हा फरक मोठा आहे. पण चार आठवड्यांनी मोजलेल्या सहा मिनिटांच्या चालण्यात ठोस फरक आढळला नाही. ही चाचणी कोविडमुळे ठरल्यापेक्षा खूप आधी थांबवावी लागली, हेही लक्षात ठेवायला हवं.

म्हणजे एका ठिकाणी पाय सुधारले, पण गुंतागुंत जवळपास तेवढीच राहिली. दुसऱ्या ठिकाणी गुंतागुंत कमी झाली, पण पायांनी तसं सांगितलं नाही. नुसत्या मीटरवर विसंबलं असतं तर दुसऱ्या चाचणीतला खरा फायदा हातून निसटला असता. 2020 मध्ये मॅकगिलच्याच पथकाने अशक्त, वयस्कर रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तर तीस दिवसांतल्या गुंतागुंतीतही फरक सापडला नाही. 2025 मध्ये ‘बीएमजे’ने कर्करोगासह सर्व शस्त्रक्रियांच्या 186 चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. व्यायाम आणि आहाराने फायदा होत असावा असं त्यातून दिसतं, मात्र पुराव्याची खात्री कमी, असंही तो सांगतो.

खात्री कमी राहण्याला मोजण्याच्या पद्धतीही कारणीभूत आहेत. कुणी मुठीची पकड मोजतं, कुणी वजन, कुणी रुग्णालयातले दिवस. गणित जुळणार कसं?

त्याहून मोठा घोळ गळतीचा आहे. समजा, शंभर जणांची नावं नोंदली आणि साठ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. अहवालात येतात ते साठ. उरलेले चाळीस कोण? ज्यांना अन्न जात नव्हतं. ज्यांच्यासोबत यायला कुणी नव्हतं. ज्यांच्या मुलाचा रोज बुडत होता. ज्यांना आठवड्यातून तीनदा एसटीने येणं परवडत नव्हतं. तयारीची सर्वाधिक गरज यांनाच होती आणि हेच हिशेबातून बाहेर! पुण्या-मुंबईत अशी सेवा सुरू करणाऱ्या कुठल्याही रुग्णालयाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की सोडून गेलेल्यांचं काय झालं. नाव नोंदलेला प्रत्येक जण निकालात धरला, तरच तो आकडा खरा.

परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी उचलणंही चुकीचं ठरेल. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. गुटखा-सुपारीने जबडा आखडलेल्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत. तो सहा मिनिटांत किती चालतो, याला अर्थ असेलही, पण त्याच्या दृष्टीने प्रश्न भाकरी चावण्याचा, पाणी गिळण्याचा आणि फोनवर बोललेलं समोरच्याला कळण्याचा आहे. त्याच्यासाठी तोंड किती मिलिमीटर उघडतं, वजन किती टिकलं, घास किती दिवसांनी गिळता आला आणि ठरलेली रेडिएशन वेळेत पूर्ण झाली का, हे मोजायला हवं.

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. वजनकाटा, मोजपट्टी, घड्याळ आणि तीस सेकंदांत हात न टेकता किती वेळा उठता येतं हे पाहायला एक खुर्ची. मात्र मोजणी तीनदा व्हावी: निदानानंतर लगेच, उपचारांच्या आदल्या दिवशी आणि उपचारांनंतर सहा ते आठ आठवड्यांनी. सर्वाधिक चुकते ती तिसरी, कारण तोवर रुग्ण गावी पोहोचलेला असतो. आणि मोजणीच्या हौसेपायी शस्त्रक्रिया पुढे ढकलणं तर मुळीच नको. रांगेत जे दिवस जाणारच आहेत, तेच वापरायचे.

तिसऱ्या मोजणीसाठी रुग्णाला परत शहरात बोलावलंच पाहिजे असंही नाही. तिसाव्या दिवशी समाजसेवा विभागातून एक फोन गेला तरी पुष्कळ कळेल. या तीस दिवसांतले किती घरी काढले? पुन्हा भरती व्हावं लागलं का? स्वतःची अंघोळ स्वतः करता का? ताटात काय असतं? हे चार प्रश्न कार्यक्रम अर्धवट सोडलेल्यांनाही विचारायचे.