थ्रेड : श्रावणातली रात्र कोणाची?

१/
श्रावण जवळ आला की आता तालुक्याच्या गावांतही मुलींच्या घरगुती रात्रीची ‘थीम’ ठरू लागते. धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारखे गाव याला अपवाद असण्याचे कारण नाही. नऊवारी, नथ, मोगऱ्याचे गजरे, भिंतीला झेंडूच्या माळा आणि मधोमध ‘मंगळागौर’ अशी पाटी. छायाचित्रे सुरेख येतात, रात्र मजेत जाते. त्या मौजेबद्दल तक्रार नाही. मात्र लोहाऱ्याच्या अंगणात श्रावणातली स्त्रियांची रात्र पिढ्यान्‌पिढ्या होतीच, आणि ती बहुतेक घरांत मंगळागौरीची नव्हती. पुण्यामुंबईची रात्र उसनी आणताना घरची रात्र विस्मरणात जात असेल, तर इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तिथे क्षणभर थांबायला हवे.

२/
आधी मंगळागौरीविषयी. नवविवाहितेने लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी करावयाचे हे व्रत. सकाळी पूजा, सोबत पूजेला बसणाऱ्या इतर नवविवाहिता म्हणजे वसोळ्या. रात्री जागरण आणि खेळ : झिम्मा, पिंगा, फुगडीचे नाना प्रकार, सूप घेऊन नाच, कोंबडा. पाचव्या वर्षी उद्यापन. व्रत म्हणून ते मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतले. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा असे त्याचे कथानक. त्यानंतर मंगळागौर हा शब्द जातीच्या आणि व्रताच्या चौकटीबाहेर पडून ‘बायकांचा कार्यक्रम’ या अर्थाने सर्वदूर पोहोचला. हा विस्तार स्वागतार्हच. फक्त त्याबरोबर एक गैरसमजही पोहोचला, की महाराष्ट्रातील स्त्रियांची रात्र म्हणजे हीच.

३/
मराठवाड्यातील रात्र पंचमीची. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, कासाराकडून बांगड्या भरल्या जातात, हातांवर मेंदी चढते. आणि दिवस कलला की अंगणात किंवा पारापाशी फेर धरला जातो. या खेळगाण्यांना मराठवाड्याच्या अनेक भागांत ‘भुलई’ म्हणतात. इथे व्रताची अट नाही, पाच वर्षांची मुदत नाही, वसोळ्यांची मोजणी नाही. शेतात खुरपणी करून आलेली बाईही त्या फेरात उभी राहते.

४/
पंचमीला काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा नेम आहे. म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे, ज्वारीच्या लाह्या फोडायच्या. नागाला इजा होऊ नये, ही त्यामागची सांगितली जाणारी समजूत. पण नेमाचा परिणाम पाहावा. उकडलेले आणि फोडलेले पदार्थ आधी होऊन जातात. रात्री तव्यापाशी कोणाला उभे राहावे लागत नाही. भाकरी थापणारे हात त्या संध्याकाळी फेरासाठी मोकळे असतात. हा हेतू होता असे म्हणण्याला आधार नाही, तरी सोय मोठी होती. आजच्या ‘थीम’मध्ये मात्र यजमानीण बहुधा स्वयंपाकघरातच अडकलेली असते, आणि रात्रीचे एकच छायाचित्र तिच्याशिवाय असते.

५/
‘थीम’ ही कल्पनाही नवी नाही. तिचा जुना शब्द ‘सोंग’. जागरणाच्या रात्री एखादी धोतर नेसून, फेटा बांधून पुरुष होई. एखादी कजाग सासू, एखादी लाडावलेली गर्भार सून. ज्यांच्यासमोर दिवसा मान वर करता येत नसे, त्यांचीच नक्कल रात्री होई आणि खरी सासू शेजारी बसून हसत असे. आजच्या वेशभूषेत सगळ्या एकसारख्या नटतात. सोंगात प्रत्येकीला जे दिवसा होता येत नाही ते व्हायचे असे. दोहोंतला फरक कापडाचा नाही.

६/
अशा रात्रींवर पुरुषांची नजर काय असे, याचे एक दूरचे उदाहरण रंजक आहे. इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरात रोममध्ये ज्युलियस सीझरच्या घरी ‘बोना देआ’ या देवीची रात्र भरली होती. घरातील सर्व पुरुषांनी त्या रात्री घर सोडायचे, असा नियम. यजमानीण सीझरची पत्नी पोंपेइया, देखरेखीला त्याची आई ऑरेलिया. क्लोडियस नावाचा तरुण स्त्रीवेषात आत शिरला आणि पकडला गेला. त्यावर खटला चालला, सीझरने पत्नीला सोडचिठ्ठी दिली, रोमचे राजकारण ढवळून निघाले. अपराध क्लोडियसचा, घर सुटले ते पोंपेइयाचे. मराठी वाड्यात असा कडक नियम नव्हता. पुरुष ओसरीवर सरकत, एवढेच. पण एका रात्रीपुरते घर स्त्रियांचे, ही कल्पना दोन्हीकडे तीच.

७/
लोहारा परिसराच्या संदर्भात या रात्रीला आणखी एक अर्थ होता. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९२० च्या दशकात निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानुसार जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागे. याच तालुक्यातील हिप्परगा (रवा) येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिथे अध्यापनासाठी आले. एकत्र जमणे हीच राजकीय कृती ठरण्याचा तो काळ. पण बायकांच्या फेराला सभा कोण म्हणणार? अंगणात पन्नास जणी जमल्या तरी कचेरीचा शिक्का लागत नसे. लागत असे तो सासूचा होकार, आणि तो मिळवणे पुष्कळदा कचेरीहून अवघड. संस्थानाच्या इतिहासात सभांची नोंद सापडते. फेरांची कोणी ठेवली नाही.

८/
नोंद उरली ती गाण्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सासुरवास, भावाची ओढ, दुष्काळ, बाबासाहेब आंबेडकर, सीतेचा वनवास : सारे त्यांत आहे. पिठाची गिरणी आली, जाते थांबले, आणि पहाटेच्या त्या गाण्याचे निमित्तच गेले. श्रम हलका झाला हे चांगलेच झाले. त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्यांनी कधी जाते ओढले नाही त्यांना नाही. पण जात्याचे निमित्त गेल्यावर जुनी गाणी ऐकू येण्याच्या ज्या थोड्या जागा उरल्या, त्यांत ही पंचमीची रात्र आहे.

९/
एक आक्षेप रास्त आहे. या रात्री म्हणजे वाफ जाऊ देण्याची झडप. एक रात्र सासूची नक्कल करायची आणि पहाटे पुन्हा तिच्याच हाताखाली राबायचे. व्यवस्था मोडत नाही, उलट टिकते. हे खरे आहे. तरीही त्या वाफेतच त्या स्त्रियांची साक्ष आहे. सुनेने सासरबद्दल केलेली तक्रार दुसऱ्या कोणत्या दप्तरात लिहिली गेली?

१०/
याहून जड आक्षेप बोलावण्याविषयीचा आहे. कोणाला बोलावले, यापेक्षा कोणाला वगळले हे या रात्रींचे खरे वर्णन. हळदीकुंकू आणि मंगळागौर सवाष्णींची. विधवेला त्यात जागा नाही. ती घरातच असे, आतल्या खोलीत, खेळाचा आवाज ऐकत. पंचमीचा फेर त्या मानाने मोकळा. तरी जातीची वस्ती ओलांडून कोणी कोणाच्या अंगणात शिरावे, इतका मोकळा तोही नव्हता.

११/
ही भिंत पाडण्याचा प्रयत्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे, आणि तोही अशाच घरगुती निमित्ताने. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठेवला. निमंत्रणातच स्पष्ट केले होते, की कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी सर्वांना एकाच जाजमावर बसवले जाईल. संक्रांत तीच, तिळगूळ तोच. बदलले फक्त जाजम. आजच्या भाषेत, ‘थीम’ जुनी आणि यजमानीण नवी. स्त्रियांच्या मेळाव्याच्या इतिहासात याहून धीट निमंत्रणपत्रिका शोधावी लागेल.

१२/
विधवांबाबतचे पाऊल मात्र अलीकडचे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. परिपत्रक कपाटात राहू शकते. घरच्या रात्रीचे बोलावणे दारोदार जाते. ज्या घरात आत्या किंवा काकू विधवा आहे, तिथे पहिली फुगडी तिने घातली तर गावाला वेगळे परिपत्रक वाचून दाखवावे लागणार नाही.

१३/
लोहाऱ्याच्या बाबतीत घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून गावे झोपली होती. सुमारे ८,००० माणसे गेली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या वेळी उमरगा तालुक्यात होते. तेही उद्ध्वस्त झालेल्या गावांत. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही घरेच काळ ठरली.

१४/
पुनर्वसनात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सुट्या घरांच्या ओळी, मोठे भूखंड. सुरक्षितता आली, ती यायलाच हवी होती. पण जुन्या गावात घराला घर लागून होते, एका अंगणातली हाक तीन वाड्यांत ऐकू जाई आणि फेर आपोआप मोठा होई. रुंद रस्त्याच्या पलीकडून कोणी हाकेसरशी येत नाही. मुद्दाम बोलवावे लागते. म्हणूनच मुलींनी घरी रात्र ठरवणे, दिवस नेमणे, निरोप धाडणे याला चैन म्हणून हसू नये. जे काम पूर्वी भिंती करत, ते आता यजमानिणीला करावे लागते.

१५/
त्या पहाटे जी विशीत होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. जुन्या गावच्या अंगणातला फेर तिने पाहिला, खेळला. तिच्यानंतरच्या पिढीने तो ऐकला, एवढेच.

१६/
तेव्हा लोहाऱ्यातल्या मुलींनी यंदा खुशाल रात्र करावी, नटावेही. पण पैसे देऊन खेळाचे पथक बोलावू नये. पथक आले की घरच्या बायका प्रेक्षक होतात, आणि या खेळात प्रेक्षक अशी जागाच नव्हती. दिंड आणि लाह्या दुपारीच करून ठेवाव्यात. घरातल्या पुरुषांनी ओसरीवर नुसते सरकू नये, जाताना खरकटी भांडीही न्यावीत.

१७/
आणि फोन असावाच, पण एका कोपऱ्यात, ध्वनिमुद्रण सुरू करून ठेवलेला. गाणाऱ्यांना तसे आधी सांगून. गाणे संपले की गाणारीला तिचे माहेर विचारावे. या भागात सुना कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही येतात, आणि प्रत्येक जण आपल्या गावची चाल बरोबर आणते. एकाच फेरात तुळजापूरकडची एक ओळ, उमरग्याकडची दुसरी आणि मध्येच एखादा कानडी शब्द सापडतो. तो शब्द कोणाच्या माहेरून आला, हे आत्ता सांगू शकेल अशी एखादी आजी त्या खोलीत बसलेली असते. तिला लवकर झोप येते. म्हणून तिची पाळी आधी लावावी.