संगणक अडखळू लागला की आधी वही सांभाळावी

पेढीवरचा संगणक अचानक बंद पडला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात तो बहुधा आधी सूचना देत असतो. काही आठवडे सकाळी तो पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही, बटण दोनतीनदा दाबावे लागते, पडदा काळाच राहतो किंवा यंत्र मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होते. एकदा सुरू झाल्यावर दिवसभर ते नीट चालते, त्यामुळे सकाळची तक्रार दुपारपर्यंत विस्मरणात जाते. मग एखाद्या महिन्याच्या १९ तारखेला, दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरावयाचे असताना, तो उठतच नाही. त्या क्षणी व्यापाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. यंत्र कसे सुरू होईल हा पहिला, आणि त्यातील हिशेब सुरक्षित आहे काय हा दुसरा. घाईत पहिल्याचा पाठलाग होतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. नुकसान मात्र दुसऱ्यातच मोठे असते. यंत्र काही हजार रुपयांत नवे मिळते. सहा वर्षांच्या नोंदी बाजारात विकत मिळत नाहीत.

कांजूरमार्गसारख्या उपनगरात या तक्रारीला स्थानिक परिस्थितीचाही हातभार लागतो. पूर्वेकडे ठाण्याची खाडी, पश्चिमेकडे लालबहादूर शास्त्री मार्गालगत लहान कारखान्यांचे गाळे आणि त्याच मार्गावर गेली काही वर्षे चाललेले मेट्रो ४ चे बांधकाम. दमट हवा आणि बारीक धूळ एकत्र आली की संगणकाच्या पेटीत तिचा थर बसतो, पंखे जड होतात आणि जोडणीच्या धातूवर मळ चढतो. म्हणूनच पावसाळ्यात, विशेषतः दोन दिवसांच्या सुटीनंतरच्या सकाळी, अशा तक्रारी अधिक दिसतात.

दोष शोधण्याची रीत हिशेबनिसाला नवी वाटू नये. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सर्व खातेवह्या पुन्हा लिहीत नाही. फरक कोणत्या पानापासून पडला ते पाहतो. संगणकही सुरू होताना चार पायऱ्या ओलांडतो. प्रथम वीज पोहोचते, मग यंत्र स्वतःची तपासणी करते, त्यानंतर ते डिस्क शोधते आणि शेवटी विंडोज उघडते. तो कोणत्या पायरीवर थांबला हे कळले की निम्मे काम झाले. एक नियम मात्र पाळावा: एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली पायरी विजेची. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर प्रथम भिंतीवरील बटण, वायर आणि यूपीएस तपासावे. यूपीएसमधील बॅटरी साधारण दोनतीन वर्षांत क्षीण होते आणि दोष संगणकाचा वाटतो. वायर थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहिल्यास याचा उलगडा लगेच होतो. तेथेही तो उठला नाही, किंवा सकाळी चारपाच प्रयत्नांनी उठून तापल्यावर नीट चालत असला, तर एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्यावा. तो डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो बदलण्याचे काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.

दुसरी पायरी तपासणीची. पंखा फिरतो, परंतु पडदा काळा आणि पेटीतून ठरावीक अंतराने ‘बीप’ येत असेल, तर पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिच्या कडेवर मळ साचलेला असतो. त्याआधी मॉनिटरची वायर घट्ट आहे ना, हे पाहण्यास विसरू नये. नंतर वायर पूर्ण काढावी, पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी, कण झटकावेत आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्या ‘टक’ आवाजाने बसेपर्यंत ती दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी; दोषी पट्टी आपोआप ओळखू येते.

याच पायरीवरची एक क्षुल्लक वाटणारी वस्तू व्यापाऱ्याला विशेष महत्त्वाची आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढी, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद असताना दिनांक विसरतो आणि सुरू होताना अनेक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. मग बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो, डिजिटल स्वाक्षरी नाकारली जाते आणि नोंदींवर भलतीच तारीख पडण्याचा धोका उद्भवतो. दोष संकेतस्थळाचा समजून तासन्‌तास जातात. प्रत्यक्षात गरज असते ती एका स्वस्त बॅटरीची.

तिसरी पायरी डिस्कची, आणि येथे हात आवरावा. ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आल्यास प्रथम पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय ते पाहावे; यंत्र कधीकधी त्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करीत असते. तसे नसेल आणि पेटीतून ‘टक टक’ असा लयबद्ध आवाज येत असेल, किंवा फायली उघडण्यास दिवसेंदिवस अधिक वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्क झिजत आहे असे समजावे. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा बटण दाबणे किंवा दुरुस्तीची आज्ञा चालवणे म्हणजे उरलेले आयुष्य खर्च करणे होय. संगणक बंद करावा, डिस्क बाहेर काढवून दुसऱ्या संगणकाला जोडवावी आणि हिशेबाचा फोल्डर सर्वांत आधी उतरवून घ्यावा. तंत्रज्ञ ‘फॉरमॅट मारून देतो’ असे सहज म्हणतो. त्याच्या दृष्टीने यंत्र सुरू होणे म्हणजे काम पूर्ण होणे. हिशेब कोणता, तो कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. हिशेबाची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नये, आणि ही अट कामाच्या पावतीवर लिहून घ्यावी.

चौथी पायरी विंडोजची. चिन्ह दिसते, ठिपके गोल फिरत राहतात, पुढे काही होत नाही. अद्यतन चालू असल्यास तासभर धीर धरावा. सलग दोनतीन वेळा सुरू होणे फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते; त्यातून सेफ मोडमध्ये जाऊन नुकताच बसवलेला प्रोग्राम काढता येतो. येथे डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली विचारली जाऊ शकते. ती आधीच छापून तिजोरीत ठेवलेली असावी. ‘रीसेट’ करताना फायली राखण्याचा पर्याय निवडला तरी बसवलेले प्रोग्राम निघून जातात, हेही ध्यानात ठेवावे. हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना क्रमांक आणि तो ज्या ईमेलशी जोडला आहे तो पत्ता हाताशी असावा. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे त्यावरच्या जुन्या यंत्रावर मोठा खर्च करण्यापूर्वी नव्याचा विचार व्हावा.

‘संगणक बिघडला’ हे उत्तर कायद्यापुढे पुरेसे ठरत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असल्यास ही मर्यादा आठ आर्थिक वर्षांची आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. भागीदारी पेढीला हा कंपनी नियम लागू नसला तरी त्यातील शहाणपण लागू आहेच.

बँकांनी हा धडा संगणकीकरणाच्या आरंभीच गिरवला. डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची वाट दाखवली. पुढे शाखांतून संगणक आले तेव्हा दिवसअखेरीचा बॅकअप घेतल्याविना दिवस मिटत नसे आणि एक प्रत शाखेबाहेर ठेवली जाई. त्यामागचा विचार मुंबईकरांना २६ जुलै २००५ रोजी निराळ्या रीतीने उमगला. सांताक्रूझ येथे त्या दिवशीच्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी तळमजल्यावर संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटात बॅकअप ठेवला असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि उपनगरांची वीज एकाएकी गेली. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर फाईल अर्धवट राहून बिघडू शकते. ती परत मिळण्याचा मार्ग आदल्या दिवशीची प्रत हाच.

म्हणून प्रत्येक पेढीने तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. रोज दुकान वाढवण्यापूर्वी हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क लगेच काढून ठेवावी; सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात किंवा व्हायरसमध्ये मूळ डिस्कसोबतच जाते. आठवड्यातून एकदा दुसरी प्रत घरी न्यावी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या दिवसाची रोख शिल्लक वहीशी ताडून पाहावी. न उघडलेला बॅकअप हा न मोजलेल्या रोकडीसारखा असतो. ही व्यवस्था असली तर १९ तारखेच्या संध्याकाळी संगणक उठला नाही तरी हिशेब दुसऱ्या यंत्रावर उघडेल, २० तारखेचे विवरणपत्र वेळेत जाईल, आणि बिघडलेली पेटी तंत्रज्ञाकडे निवांतपणे पाठवता येईल.