आधी जुनी माणसं चालतील, मागून मशीन



वनहक्काच्या दाव्यांची मोजणी आता गावोगाव जीपीएस मशीननं चालली आहे. हे मशीन चांगलं की वाईट, यावर बैठकांत दोन तट पडतात. काही जण म्हणतात, साखळी घेऊन सरकारी मोजणीदार येईल म्हणून वाट बघत बसलो असतो तर नातवंडांच्या काळातही दावा पुढे सरकला नसता. दुसरे म्हणतात, हे मशीन जमीन खातं. कसतो तीन एकर, कागदावर येतात दोन. दोघंही अनुभवाचं बोलतात. आमचं मत असं, की भांडण मशीनशी नाहीच. मोजणीच्या दिवशी शेतावर पुढे कोण चालतं, त्यावर सगळं ठरतं. पुढे जुनी माणसं आणि मागून मशीन, तर ते आपलं हत्यार. पुढे मशीन आणि मागून आपण हात बांधून, तर पूर्वी जी फॉरेस्टची लाईन होती तीच आता बॅटरीवर आली, एवढंच.

मशीन काय करतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण न समजलेल्या वस्तूची भीतीही जास्त वाटते आणि तिच्यावर भरवसाही जास्त बसतो. आभाळात सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात. ते सतत वेळ सांगत असतात. हातातलं मशीन निदान चार उपग्रहांचं ऐकून आपण कुठे उभे आहोत याचा हिशेब काढतं. ही यंत्रणा अमेरिकेच्या फौजेनं आपल्या कामासाठी बनवली, आणि 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत तर साध्या लोकांना मुद्दाम चुकीचा संदेश मिसळून देत होते. त्याच यंत्रणेवर आज आपण पाड्यावरच्या मोहाखाली उभं राहून बापजाद्यांचं शेत मोजतो. असो.

मशीन उघड्या रानात धरलं तर तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे जागा दाखवतं. दाट सागाखाली, खोल नाल्यात, कड्याच्या पायथ्याशी आणखी चुकतं, कारण उपग्रह झाकले जातात आणि संदेश कड्यावर आपटून येतो. किती चूक होऊ शकते तो आकडा मशीन स्वतःच काचेवर दाखवतं. तो आकडा मोठा असताना चालायला लागायचं नाही. थांबायचं. बिडी संपेपर्यंत थांबलं तरी आकडा खाली येतो. घाई आपल्याला नाही, मोजायला आलेल्याला असते; त्याला संध्याकाळच्या आत फाट्यावर गाडी धरायची असते.

आता जमीन कमी कशी भरते ते पाहा. एक प्लॉट धरा, 100 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद. म्हणजे 40 आर, आपल्या भाषेत एक एकर. बांधावर काट्याचं कुंपण आहे म्हणून मोजणारा बांध सोडून तीन मीटर आतून चालला, चारी बाजूंनी. मशीननं जे चाललं ते बरोबर मोजलं आणि 32 आर सांगितले. आठ आर, म्हणजे पाचवा हिस्सा, त्या कुंपणात राहिला. मशीन खोटं बोललं नाही. चालणारा चुकीच्या जागेवरून चालला. म्हणून आमचं म्हणणं आहे की मोजणीच्या आधी कुंपण तोडून वाट करा, पण बांधावरूनच चाला.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. डोंगरातलं शेत चौकोनी नसतं. नाल्याच्या वळणानं ते पोटासारखं बाहेर येतं, दगडाच्या खडपाला वळसा घालतं. मोजणाऱ्यानं चार कोपऱ्यांवर चार बिंदू घेतले आणि मशीनला सांगितलं जोड, तर मशीन सरळ रेघा ओढतं. पोट बाहेर राहतं. कधी उलटंही होतं, शेजाऱ्याच्या शेताचा तुकडा आपल्यात येतो आणि मग भाऊबंदकी पेटते. जिथे हद्द वळते तिथे प्रत्येक ठिकाणी बिंदू घ्यायला लावा. दहा लागले तर दहा, पंचवीस लागले तर पंचवीस.

तिसरी गोष्ट उताराची, आणि इथे आपल्याच लोकांचा गैरसमज आहे. मशीन जमीन कावळ्यासारखी वरून बघतं. तीस अंशाच्या उतारावर दोरीनं 100 मीटर भरलं तर मशीनच्या हिशेबात ते 87 मीटरच होतं. ही चोरी नाही, सातबाऱ्याची मोजणीही सपाटीचीच असते. ज्याचं शेत मोठं आहे त्याला तर हे फायद्याचंच, कारण कायद्यातली चार हेक्टरची मर्यादाही याच हिशेबानं लागते. म्हणून दोरीचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळत नाही एवढ्यावरून मोजणीला आलेल्या पोराच्या अंगावर धावून जाऊ नका. आधी बघा, तो बांधावरून चालला का, कोपरे सगळे घेतले का. प्लॉट वीस-तीस गुंठ्यांचा असेल तर मात्र जोडीला टेप लावाच. तीन-चार मीटरची चूक अख्ख्या गावाच्या जंगलाला काहीच नाही, पण छोट्या प्लॉटचा घास घेते.

चौथी, आकड्यांची. मशीन उत्तर आणि पूर्व असे दोन आकडे देतं. आपल्या सातपुड्यात उत्तरेचा आकडा 21 नं सुरू होतो. आता 21.50 अंश म्हणजे 21 अंश 30 मिनिटं. ऑफिसात कोणी ते 21 अंश 50 मिनिटं असं उतरवलं की वीस मिनिटांचा फरक पडला, आणि तुमचं शेत उचलून 37 किलोमीटर उत्तरेला जाऊन पडलं. नकाशात ते दुसऱ्याच डोंगरावर दिसेल, आणि शेरा येईल की जागेवर शेती आढळत नाही. म्हणून आकडा लिहिताना तो कुठल्या पद्धतीचा आहे तेही शेजारी लिहायला लावा.

आता कायद्याचं. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की हक्क ठरवण्याची सुरुवात ग्रामसभा करते. जागेवर जाऊन तपासणी करते ती ग्रामसभेची वनहक्क समिती. फॉरेस्ट आणि महसूलच्या लोकांना आगाऊ कळवायचं असतं, आणि 2012 च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या सुधारित नियमांप्रमाणे त्यांनी हजर राहून तारीख आणि हुद्द्यासह सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर हरकत घेतली, तर पुन्हा तपासणी होते. तेव्हाही आले नाहीत तर जागेच्या तपासणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणजे मोजणी ही आपली आहे, ते पाहुणे आहेत. नेवाड म्हणा, दळी म्हणा, जबरान जोत म्हणा, जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात आहे हे सांगणारा पुरावा दंडाची पावती असेल, म्हाताऱ्या माणसाचा जबाब असेल, विहीर, बांध, घर, मसणवट असेल. मशीन यातलं काही सांगू शकत नाही. ते फक्त जागा सांगतं. कधीपासून आणि कोणाची, हे सांगायला माणूसच लागतो.

तरीही वरच्या समित्यांकडून निरोप येतात की उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर. फोटोत कसं दिसेल? आपण शेतातलं मोहाचं झाड तोडत नाही, तेंदू, चारोळी तोडत नाही. वरून बघणाऱ्याला ते जंगलच वाटणार. एखादी पट्टी दोन वर्षं पडीक ठेवली तर तिथे झुडूप येतं, आणि फोटो म्हणतो इथे शेती नाही. ज्या गोष्टीमुळे रान टिकलं तीच आपल्या विरोधात पुरावा! 2012 चे नियम याबद्दल स्पष्ट आहेत: उपग्रहाचा फोटो आणि असली साधनं दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून वापरायची, त्यांच्या जागी नाही. गुजरात उच्च न्यायालयानंही 2013 मध्ये फक्त उपग्रह फोटोवर दावे नाकारण्याला नकार दिला. त्याच नियमांत असंही आहे की कसण्याच्या जमिनीत गुरं बांधायची जागा, खळं, धान्य ठेवायची जागा, फेरपालटाची पडीक हे सगळं धरायचं. तेव्हा मोजणारा फक्त नांगरट बघून वळला तर त्याला हाताला धरून खळ्यापर्यंत न्या. नामंजुरीचं कारण लेखी मागा, आणि साठ दिवसांच्या आत वर अर्ज करा. साठ दिवस म्हणजे दोन अमावास्या, फार नाही.

हे झालं वरच्यांचं. आता घरचं, कारण सगळं बोट साहेबाकडेच दाखवून भागणार नाही. शिकलेल्या पोरांच्या हातात मशीन आलं आहे, आणि याचा आम्हाला आनंद आहे. पण आमच्या कानावर येतं की काही पाड्यांवर मोजून देण्याचे पैसे मागितले जातात. कुठे मशीन धरणारा पोरगा म्हाताऱ्याला सांगतो, बाबा तुझं नको, मशीन म्हणतं हद्द इथे आहे. पोरांनो, मशीन काही म्हणत नाही. तुम्ही जिथे पाय ठेवता ते ते लिहून घेतं. तलाठ्याच्या दप्तराला आपण दोन पिढ्या घाबरलो, आता खिशात मावणाऱ्या डब्याला घाबरायला लावू नका. मोजणी हे ग्रामसभेचं काम आहे. सेलचा खर्च ग्रामसभेनं करावा, पोराची भाकर ज्याचं शेत त्यानं द्यावी, त्यावर एक रुपया नाही.

आणि बायांना मोजणीच्या वेळी घरी का ठेवता? पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं देणं कायद्यातच आहे. निंदणीची शेवटची ओळ कुठे संपते, लाकडाची वाट कुठून जाते, कुठला मोह कोणाचा, हे त्यांच्या पायांना पाठ असतं. पुरुष हद्दीवरून भांडत असतात, आणि बाई सरळ जाऊन त्या दगडावर उभी राहते. बांधावर पुढे चालणाऱ्यांत दोन बाया असल्याच पाहिजेत.

सामूहिक दाव्याची मोजणी वेगळी. तिथे हद्द मैलांची असते, आणि हातातलं मशीन त्याला पुरेसं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, म्हणजे केवढी गोष्ट गावाच्या हातात येऊ शकते ते दिसतं. इथे धोका शेजारच्या गावाशी हद्द घासण्याचा. धारेवरून फिरण्याआधी शेजारच्या गावाला निरोप द्या, त्यांचे चार कारभारी बरोबर घ्या, वाघदेवाच्या दगडापाशी दोन्ही गावांनी बसून ठरवा आणि मग बिंदू घ्या. दोन गावांनी एकमेकांच्या नकाशावर सह्या केल्या की तिसऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

एका बाबतीत आमचं मत काही साथींना पटत नाही, तरी मांडतो. हद्दीचे बिंदू द्या, चराईची जागा, पाणवठा, मसणवट, देवाची जागा दाव्याला लागते तेवढी द्या. पण जडीबुटीच्या जागा, मधाचे कडे, असलं मशीनमध्ये घालू नका. आकडा एकदा कागदावर गेला की तो कागद कोण कुठे नेईल सांगता येत नाही, आणि आकड्यावरून परका माणूस अंधारातही तिथे येऊन उभा राहील. दाव्यात त्या जागेचं नाव शब्दांत लिहिलं तरी चालतं.

शेवटचं, वहीचं. मोजणी झाली की मशीन घेऊन माणूस निघून जातो आणि गावाकडे काही राहत नाही. मशीनमधली रेघ एक बटण दाबलं की पुसली जाते. म्हणून ग्रामसभेची एक जाड वही करा. प्रत्येक बिंदू घेतला की तिथेच उभं राहून आकडे मोठ्यानं वाचायचे, वहीत लिहायचे, आणि आकड्यासमोर खूण लिहायची: नाल्याकाठचा उंबर, फुटक्या दगडाचा कोपरा, अमक्याच्या विहिरीची पायरी. उद्या मशीन बदललं, साहेब बदलला, तरी उंबर तिथेच आहे. प्लॉट पुरा झाला की पहिल्या बिंदूवर परत येऊन आकडे जुळतात का पाहायचं, मग दावेदार, शेजारी, समिती आणि हजर असलेले सरकारी लोक, सगळ्यांच्या सह्या-अंगठे. नकाशाची एक प्रत ग्रामसभेत राहिलीच पाहिजे, ती घेतल्याशिवाय पंचनाम्यावर सही नाही.

होळी झाली की साग उघडा पडतो, आभाळ मोकळं होतं, बांधही दिसतात. मोजणीला हाच वेळ चांगला. ज्या पाड्यांची राहिली आहे त्यांनी होळीच्या बैठकीतच वही आणि चालणारी माणसं ठरवावीत, पेरणीच्या आत काम उरकावं. मशीन तालुक्याच्या बैठकीतून आळीपाळीनं मिळेल. नेणाऱ्यानं नवे पेन्सिल सेल घालून परत आणावं.

जिंदाबाद!