पणाला कोणाचे धन?

आमच्या रेणापुरात जुगाराचा विषय निघाला की चर्चा बहुधा खेळणाऱ्याच्या दुर्दैवाभोवतीच घोटाळते. बिचाऱ्याची काळी जमीन गेली, म्हणून माणसे हळहळतात, पण त्या जमिनीच्या आधी बायकोची बोरमाळ सराफाकडे गहाण पडली होती, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

तिचे पासबुक ‘सांभाळायला’ त्याच्याकडे, घरात मोबाइल एकच असल्याने ओटीपीही त्याच्याच हाती. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात जमा होतात आणि त्याची वर्दी मात्र त्याला पोहोचते. बचत गटाचे कर्ज शेळ्यांसाठी म्हणून तिच्या सहीने उचलले जाते, रक्कम रमीत जाते, आणि हप्ता थकला म्हणजे गटातल्या बायकांसमोर मान खाली घालण्याची पाळी तिच्यावर येते. हिशेब विचारला, तर ‘कमावतो कोण?’ हा सवाल ठरलेला. जणू सोयाबीन खुरपणारे हात कोणा परक्याचे होते!

जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला, तो त्यांनी नाकारला, आणि प्रकरण लातुरात निषेध म्हणून पत्ते उधळण्यापर्यंत व ते उधळणाऱ्यांना मारहाण होण्यापर्यंत गेले. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदाही केला. या साऱ्या गदारोळात हरलेल्या पैशांच्या मालकिणीचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.

जो स्वतःलाच आधी हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न वस्तुतः मालकीहक्काचाच होता, आणि भीष्मासारख्या धर्मज्ञाने धर्माची गती सूक्ष्म म्हणून तो टाळला. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात तो टाळला नाही: स्त्रीधनावर पत्नीचीच निर्विवाद मालकी, आणि ते नवऱ्याने बळकावल्यास फौजदारी विश्वासघात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर आर्थिक छळाचा हिंसेतच समावेश केला; त्याच्या कलम 18 अन्वये नवऱ्याला मालमत्ता विकण्यास, इतकेच नव्हे तर बँकेचे खाते वापरण्यासही, न्यायदंडाधिकारी मनाई करू शकतात. मात्र आडत्याकडून सोयाबीनची पट्टी एकदा त्याच्या हाती पडली, की ती मनाई कोरड्या खात्यावर बजावली जाते. तेव्हा या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज जायचा तो रास होण्यापूर्वीच.