मैदानाचे कुंपण

गोल्फ हा सर्वसामान्य सोलापूरकराच्या परिचयाचा खेळ नव्हे. विस्तीर्ण हिरवळ, मुबलक पाणी आणि भरपूर सवड यांची त्याला गरज असते. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शहराला त्याचे आकर्षण वाटू नये, हे स्वाभाविक आहे. तथापि या श्रीमंती खेळाने जपलेल्या एका गोष्टीची गरज सोलापूरच्या मैदानांना अधिक आहे. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे गोल्फचे पहिले तेरा नियम लिहिले गेले. पुढे नियमपुस्तक वाढत गेले आणि कित्येक दशके त्याचे पहिले प्रकरण शिष्टाचाराचे होते. २०१९ साली नवी नियमावली आली, तेव्हाही त्या प्रकरणाचे सार खेळाडूच्या वर्तनाचा नियम म्हणून मूळ नियमांतच समाविष्ट झाले.

हा शिष्टाचार तसा साधाच आहे. दुसरा फटका मारीत असता बोलू नये. मागून येणारा गट जलद खेळत असेल तर त्यास पुढे जाऊ द्यावे. फटक्याने उखडलेली हिरवळ पुन्हा बसवावी. वाळूच्या खड्ड्यात उमटलेली आपली पावले दाताळ्याने पुसून मगच पुढे जावे. यामागे केवळ खानदानी अदब आहे, असे समजणे चूक ठरेल. एका मैदानावर अनेक गट एकामागून एक खेळत असतात आणि नेहमीच्या खेळात प्रत्येकामागे पंच नसतो. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू किंचित हलला. इतर कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. तरीही त्यांनी स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि पुढे निर्णायक लढतीत ते पराभूत झाले.

सोलापूरच्या मोकळ्या मैदानांवर सुटीच्या दिवशी याहून अवघड प्रसंग असतो. एकाच जागेत चार-पाच डाव रंगलेले असतात आणि एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टींपाशी उभा असतो. या मुलांना कोणी नियमपुस्तक दिलेले नाही. तरीही परका चेंडू पायाशी आला तर तो परत फेकायचा, शेजारी चेंडू टाकला जात असता मधून पळायचे नाही, धाकट्यांना कडेची जागा सोडायची, हे संकेत त्यांना ठाऊक असतात. पॉली उम्रीगर यांचे बालपण ज्या शहरात गेले, त्या शहराला ही परंपरा नवी नाही.

दुर्दैव असे की, ती मोडण्यात पुढाकार मोठ्यांचा असतो. ओल्या खेळपट्टीवर दुचाकी घालणे, पाण्याच्या बाटल्या तेथेच टाकून जाणे, निर्णय विरुद्ध गेला की पंचाच्या अंगावर धावणे, ध्वनिक्षेपक लावून दिवसभर सबंध मैदान अडविणे, हे प्रकार आता कोणास खटकेनासे झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना झाला, त्याचे शहराला कौतुक वाटले ते रास्तच होय. परंतु अशा सामन्याला शिस्त लावण्यासाठी पंच आणि बंदोबस्त असतो. रोजच्या मैदानाला खेळणाऱ्यांच्या सौजन्यावाचून दुसरा वाली नाही.

सौजन्याने सामने हरतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. त्यानंतर पंचांनी बॉब टेलर यांना झेलबाद दिले. परंतु चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री होताच कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्यांना परत बोलाविले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. किंमत मोठी होती. परंतु त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा बोथमच्या पराक्रमाइतकीच विश्वनाथ यांच्या निर्णयाचीही निघते.

सोलापुरात प्रश्न केवळ नावलौकिकाचा नाही. गोल्फच्या मैदानाला कुंपण असते, सभासदत्व असते, राखण करणारे पगारी माळी असतात. सार्वजनिक मैदानाला यांतले काहीच नसते. सौजन्य हेच त्याचे कुंपण. ते मोडले की कटकटी वाढतात, तक्रारी होतात, मग खरेखुरे कुंपण येते, फाटकाला कुलूप लागते आणि प्रवेशाला शुल्क. शुल्क भरू शकणारे आत राहतात. यंत्रमाग व विडी कामगारांच्या वस्तीतील मुलाला मात्र, ज्याच्या घराबाहेर दुसरी मोकळी जागाच नाही, तो दरवाजा कायमचा बंद होतो. उद्दामपणा कोणी करावा आणि भोगावे कोणी, असा हा न्याय आहे.

यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. शाळांनी व मंडळांनी क्रिकेटच्या शिबिराचा पहिला दिवस फलंदाजीला न देता मैदानाच्या रीतीला द्यावा. स्पर्धा भरविणाऱ्यांनी मैदानाचा काही भाग मुलांसाठी मोकळा ठेवावा आणि संध्याकाळी ते जसे घेतले तसे परत करावे. वाळूतील आपली पावले पुसून जाण्याची रीत श्रीमंतांच्या खेळाने सांभाळली आहे. ज्यांच्यापाशी मैदानाखेरीज काही नाही, त्यांच्यासाठी तरी ती सोलापूरने आपलीशी करावयास हवी.